स्वस्त हत्यार कोणते म्हणावे?

गोठ्याची कडी बसविणे, फाटकाची पट्टी कापणे अशी किरकोळ कामे घरीच करण्यासाठी विजेवर चालणारी हत्यारे घेण्याकडे शेतकरी बंधूंचा कल वाढत आहे. ही गोष्ट स्वागतार्ह होय. परंतु केवळ किंमत पाहून खरेदी करणे आमच्या मते हिताचे नाही. ज्याचे कार्बन ब्रश तालुक्याच्या बाजारात मिळत नाहीत, ते यंत्र अखेरीस महागच पडते.

प्रथम हॅमरची सोय असलेले १३ मिलिमीटरचे एक ड्रिल मशीन घ्यावे. लाकूड, लोखंड व भिंत या तिन्ही कामांस ते पुरते. ग्राइंडर वर्षातून चारच दिवस लागत असेल, तर तो चौघा शेजाऱ्यांनी मिळून घ्यावा.

मात्र सुरक्षिततेत काटकसर नको. चार इंची ग्राइंडर मिनिटास सुमारे ११,००० फेरे घेतो. चकतीवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगाहून कमी असल्यास ती फुटून प्राणावर बेतू शकते. यास्तव यंत्रावरील संरक्षक कवच काढू नये व डोळ्यांवर चष्मा चढविल्यावाचून बटण दाबू नये.

दुरुस्तीची सोय, पक्की पावती व कवच या तीन गोष्टी पाहूनच पैसे मोजावेत, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी पटवून द्यावे. वाचविलेल्या शंभर रुपयांत गेलेला डोळा परत मिळत नाही.