नकाशाची वही बदलताना

जमाखर्चाची वही भरली की नवी वही घालावी लागते. जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढताना अनुभवी मुनीम केवळ आकडा उतरवत नाही. ‘याचा वायदा लांबतो’, ‘यास विचारल्यावाचून माल देऊ नये’ असे समासातील शेरेही तो सोबत नेतो. आकडा उतरला आणि शेरा मागे राहिला, तर हिशेब बिनचूक दिसतो, पण व्यवहार फसतो. संगणकावरील नकाशे एका प्रणालीतून दुसरीत नेताना हाच धोका असतो, आणि आज आपल्याला त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या पेढ्यांना आता नकाशे नवे राहिलेले नाहीत. ग्राहक-दुकाने कोठे आहेत, कोणत्या गोदामातून कोणत्या तालुक्यास माल जातो, बिनशेती केलेल्या भूखंडाची हद्द कोठवर आहे, हे सारे पाहण्याची सोय भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजेच जीआयएसने करून दिली आहे. हे काम बहुधा बाहेरच्या सल्लागाराकडून करून घेतले जाते. त्याने ते एस्री या अमेरिकन कंपनीच्या आर्कमॅप या सशुल्क प्रणालीत केलेले असते. पुढे घरातील मुलगा किंवा सून तेच काम क्यूजीआयएस या मोफत प्रणालीत चालवू पाहते. क्यूजीआयएसचा आरंभ गॅरी शर्मन यांनी २००२ साली केला आणि आज ती व्यावसायिक कामासही पुरेशी ठरते. एस्रीने आर्कमॅपच्या निवृत्तीसाठी १ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केल्यामुळे तर हा बदल अनेकांच्या दाराशी येऊन ठेपला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण ज्याला ‘नकाशाची फाइल’ म्हणतो, त्यात तीन वेगळ्या वस्तू असतात. पहिली माहिती, म्हणजे बिंदू, रेषा, क्षेत्रे आणि त्यांना जोडलेला तक्ता. दुसरी शैली, म्हणजे कोणता रंग, कोणते चिन्ह, कोणते नाव कोठे लिहावयाचे याचे नियम. तिसरी वस्तू म्हणजे या दोहोंना एकत्र बांधणारा दस्तऐवज. आर्कमॅपमध्ये त्यास एमएक्सडी म्हणतात, तर क्यूजीआयएसमध्ये क्यूजीएस किंवा क्यूजीझेड. या दस्तऐवजात मूळ माहिती नसते, ती कोठे ठेवली आहे याचा पत्ता असतो. म्हणून सल्लागाराने केवळ एमएक्सडी फाइल पाठवली, तर आपल्या हाती घराचा पत्ता येतो, घर त्याच्याच संगणकावर राहते. ती उघडली असता थरांपुढे लाल उद्गारचिन्हे दिसतात, ती याच कारणाने. शिवाय क्यूजीआयएस एमएक्सडी फाइल स्वतःहून वाचत नाही.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, एका घाऊक किराणा पेढीची ३१२ ग्राहक-दुकाने नकाशावर आहेत. ज्याची उधारी महिन्यात फिटते तो बिंदू हिरवा, साठ दिवसांपर्यंत रेंगाळते तो पिवळा आणि नव्वद दिवस उलटले तो लाल. विक्रीस निघालेला तरुण हा नकाशा पाहूनच उधारीवर माल द्यावा की रोखीने, हे ठरवतो. आता हीच माहिती क्यूजीआयएसमध्ये नुसती उघडली, तर ३१२ च्या ३१२ बिंदू येतील, पण सारे एकाच रंगाचे. नव्या थरास ती प्रणाली स्वतःच्या मनाने कोणता तरी एक रंग देते. आकडा आला आणि शेरा गेला, तो असा.

परंतु शैलीकडे वळण्यापूर्वी माहिती तरी पूर्ण उतरते का, हे तपासले पाहिजे. देवाणघेवाणीसाठी आजही सर्वाधिक वापरली जाते ती शेपफाइल. नाव एक असले, तरी ती अनेक फाइलींचा संच असते. एसएचपी, एसएचएक्स आणि डीबीएफ या तीन अनिवार्य आहेत. पीआरजे आणि सीपीजी या दोन सोबत असल्याच पाहिजेत असे समजावे. यांतील डीबीएफ हा जुन्या डीबेस काळातील तक्ता असून त्याच्या मर्यादा आपल्याला नडतात. त्यात स्तंभाचे नाव दहा बाइटांपेक्षा लांब चालत नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-मात्राही त्यात स्वतंत्र मोजल्या जातात. म्हणजे ‘उधारी’ हा पाच चिन्हांचा शब्दसुद्धा स्तंभाचे नाव म्हणून मावत नाही. सीपीजी फाइल हरवली, तर दुकानांच्या मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हांची रांग दिसू लागते.

व्यापाऱ्यास याहूनही घातक अशी एक मर्यादा आहे. शेपफाइलमध्ये ‘नोंद नाही’ अशी रिकामी जागा आकड्यांच्या स्तंभात नीट टिकत नाही, तिचे बहुधा शून्य होते. ज्याची उधारी शून्य आहे तो गिऱ्हाईक आणि ज्याची उधारी अद्याप नोंदलेलीच नाही तो गिऱ्हाईक, हे दोघे एकाच पंक्तीस बसतात. बँकेत असो वा पेढीत, ‘बाकी शून्य’ आणि ‘बाकी माहीत नाही’ यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे वाचकांस सांगावयास नको. यास्तव जेथे शक्य असेल तेथे जिओपॅकेज हा नवा प्रकार वापरावा. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या संस्थेने २०१४ साली त्यास मानक म्हणून मान्यता दिली. सर्व थर एकाच फाइलीत राहतात, स्तंभांची नावे लांब चालतात, देवनागरी सुखरूप राहते आणि रिकामी जागा रिकामीच राहते. आर्कजीआयएस आणि क्यूजीआयएस या दोहोंनाही तो वाचता येतो.

दुसरी तपासणी अक्षांश-रेखांशांच्या पद्धतीची. भूखंडांची मोजणी बहुधा यूटीएम पद्धतीत असते. तीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे कल्पिले आहेत. आपला महाराष्ट्र त्यांपैकी ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांत विभागला आहे. मुंबई, पुणे, नाशिक पहिल्यात, तर नागपूर, वर्धा, चंद्रपूर दुसऱ्यात. कोणता पट्टा वापरला आहे हे पीआरजे फाइल सांगते. ती हरवली आणि पुण्याच्या गोदामाचे आकडे ४४ व्या पट्ट्याचे म्हणून वाचले गेले, तर ते गोदाम सहा अंश पूर्वेस, थेट तेलंगणात जाऊन बसते. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांस दिसते. शंभर-दोनशे मीटरांचा फरक दिसत नाही, म्हणून एक-दोन ओळखीच्या जागा उपग्रहचित्रावर ताडून पाहाव्यात.

तिसरी तपासणी झाकलेल्या ओळींची. आर्कमॅपमधील थरावर अनेकदा अट घातलेली असते, जसे ‘बंद झालेली दुकाने दाखवू नयेत’. ही अट दस्तऐवजात राहते, माहितीत नव्हे. नुसती शेपफाइल उचलून नेली, तर वर्षापूर्वी बंद पडलेली दुकाने नव्या नकाशावर पुन्हा उघडतात. याच्या उलट, एक्सेलच्या तक्त्यातून तात्पुरते जोडलेले उधारीचे स्तंभ मूळ फाइलीत नसतातच. थर नव्याने निर्यात केल्याशिवाय ते सोबत येत नाहीत. जुन्या काळचा एमडीबी प्रकारचा साठा असेल, तर तो आर्कमॅप चालू आहे तोवरच निर्यात करून घ्यावा, कारण एस्रीच्याच नव्या आर्कजीआयएस प्रोमध्ये तो चालत नाही.

आता शैली. प्रत्येक प्रणालीची शैली लिहिण्याची भाषा निराळी आहे. आर्कमॅपची एलवायआर, आर्कजीआयएस प्रोची एलवायआरएक्स आणि क्यूजीआयएसची क्यूएमएल. आर्कमॅपकडून प्रोकडे जाणे सोपे, कारण प्रो जुन्या फाइली आयात करून घेते. घर बदलून क्यूजीआयएसकडे जाताना मात्र दुभाष्या लागतो. एलवायआर वाचून देणारी जोडसाधने उपलब्ध आहेत. एसएलडी नावाचे एक खुले मानकही आहे. क्यूजीआयएस त्यात शैली लिहू शकते आणि वाचूही शकते, पण एसएलडी ही बोलीभाषा नसून कामापुरती भाषा आहे. साधे रंग, रेषा, वर्ग तिच्यातून जातात. नावे मांडण्याचे बारीक नियम, रंगांचे मिश्रण, विशेष परिणाम वाटेत गळतात.

गळणाऱ्या गोष्टींपैकी तीन विशेष लक्षात ठेवाव्यात. एक, चिन्हे. आर्कमॅपमधील अनेक चिन्हे प्रत्यक्षात टंकातील अक्षरे असतात. तो टंक दुसऱ्या संगणकावर नसेल, तर गोदामाच्या चिन्हाजागी भलतेच अक्षर उमटते. दोन, आकारमान. एका प्रणालीत ते पॉइंटमध्ये असते, दुसरीत मिलिमीटरमध्ये. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. नुसता आकडा उतरवला, तर बिंदू जवळजवळ तिप्पट मोठे होऊन एकमेकांवर चढतात. तीन, वर्गांच्या सीमा. रंगांच्या पायऱ्या संगणकाने आपोआप पाडल्या असतील, तर नव्या प्रणालीस पुन्हा त्या पाडू देऊ नयेत, सीमा बदलू शकतात. साठ आणि नव्वद हे आकडे कागदावर लिहून हातानेच भरावेत. काल पिवळा असलेला गिऱ्हाईक आज हिरवा झाला, तर तो त्याच्या वर्तनामुळे झाला पाहिजे, आपल्या संगणकामुळे नव्हे.

मग काम कोणत्या क्रमाने करावे? मूळ फाइलींची अखंड प्रत वेगळी ठेवून तिला हात लावू नये. जुन्या प्रणालीतून संपूर्ण नकाशाची, सूचीसह, पीडीएफ काढून ठेवावी. उद्या वाद उद्भवला तर तीच साक्ष. मग थर एक-एक करून जिओपॅकेजमध्ये न्यावेत आणि तेरीज जुळवावी. एकूण नोंदी तितक्याच आहेत का? उधारीच्या स्तंभाची बेरीज रुपयास रुपया मिळते का? भूखंडांचे एकूण क्षेत्रफळ तेच आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक रंगात किती दुकाने? आर्कमॅप हा आकडा शैलीच्या खिडकीत दाखवते, क्यूजीआयएस थराच्या सूचीत दाखवू शकते. जुन्यात ४१ लाल असतील आणि नव्यात ३८, तर एकूण बेरीज ३१२ जुळली म्हणून समाधान मानू नये. ती तीन दुकाने सापडेपर्यंत नवी वही उघडू नये. तेरीज जुळूनही चूक दोन खात्यांत दडलेली असू शकते, हा हिशेबशास्त्राचा पहिला धडा येथेही लागू पडतो.

ज्यांना नव्याने काम द्यावयाचे आहे, त्यांनी मोबदला ठरवतानाच हस्तांतराची अट लेखी घालावी. मूळ माहिती जिओपॅकेजमध्ये, शैली त्या प्रणालीच्या फाइलीत आणि शक्य तेथे एसएलडीमध्येही, वापरलेले टंक व चिन्हे, अक्षांश-रेखांश पद्धतीचा ईपीएसजी क्रमांक, घातलेल्या अटी आणि वर्गसीमा लिहिलेला एक कागद. पुणे-मुंबईकडील कामासाठी हा क्रमांक बहुधा ३२६४३ आणि नागपूरकडील कामासाठी ३२६४४ असेल. इतके हाती आले, तर कोणताही जाणकार कोणत्याही प्रणालीत तो नकाशा पुन्हा उभा करू शकेल.

नकाशासाठी पैसे आपण मोजतो, पण त्यातील रंगांचा अर्थ अनेकदा सल्लागाराच्या संगणकावर आणि पेढीतील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या डोक्यातच राहतो. संगणक बदलतो आणि माणूसही कायमचा नसतो. म्हणून या महिन्यात एक तास काढून आपल्या पेढीच्या नकाशातील प्रत्येक रंगाचा अर्थ साध्या मराठीत एका पानावर लिहून काढावा आणि ते पान फाइलींसोबत ठेवावे. त्यास कोणत्याही रूपांतराची गरज पडत नाही.