इंडिगोकडून 'स्वस्त' शिकू नका

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा मुद्दा इथे सविस्तर लिहितोय.

इंडिगोचं उदाहरण दिलं की बरेच जण एकच धडा घेतात: भाव पाडा, गिऱ्हाईक आपोआप येतं. माझं मत उलट आहे. एअर डेक्कन स्वस्तच होती ना? ती किंगफिशरच्या पोटात गेली आणि २०१२ मध्ये किंगफिशरही बंद पडली. गो फर्स्टही स्वस्तातली, मे २०२३ मध्ये थांबली.

इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये उडाली. पण खरा डाव २००५ चा. हातात एकही विमान नसताना एअरबसला एकदम १०० विमानांची ऑर्डर! घाऊक घेतलं की भाव तुटतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं. विमान आलं की ते भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तेच परत भाड्याने चालवायचं, म्हणजे भांडवल अडकत नाही. वर बरीच वर्षं विमानाचा प्रकार एकच, ए३२०. एकच ट्रेनिंग, तेच सुटे भाग. आधी खर्च उतरला, मग तिकीट. हा क्रम उलटा केलात तर गिऱ्हाइकाला तुम्ही स्वतःच्या खिशातून पैसे देताय, बरं का.

आता बाहेरचं वातावरण बघा. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यामुळे राज्यागणिक व्हॅट वेगळा. विमानांचं भाडं बहुतेक डॉलरमध्ये, तिकीट मात्र रुपयांत. हे चटके सगळ्याच कंपन्यांना बसतात. इंडिगोला जास्त लागलं ते दुसरीकडे. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत दोष निघाला आणि डझनांनी विमानं जमिनीवर उभी राहिली. जे ताकदीच्या रकान्यात लिहिलं होतं, तेच कमजोरीच्या रकान्यात आलं! आपण स्वॉट काढताना चार डबे कसे सुटसुटीत भरतो, नाही का?

डिसेंबर २०२५ चं प्रकरण तर जास्तच बोलकं. पायलटांची आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास होणार, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा येणार, हे आधीपासून ठाऊक होतं. तरी माणसं कमी पडली, हजारो फेऱ्या रद्द झाल्या. शेवटी सरकारनेच दहा टक्के फेऱ्या कमी करायला लावल्या. देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकाच कंपनीकडे. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झालेली. मला तर ही स्पर्धा आटल्याची सुस्ती वाटते. काटकसर म्हणून राखीव माणूसच ठेवायचा नाही, याला मी काटकसर म्हणत नाही.

आणि आता हीच कंपनी बिझनेस क्लास विकतेय, लांब पल्ल्यासाठी ए३५० ची ऑर्डर देऊन बसलीय. म्हणजे एकाच प्रकारच्या विमानांचा स्वतःचाच नियम मोडतेय. टाटांची एअर इंडिया त्या मैदानात जुनी आहे. तिथे इंडिगोचा खर्च इतरांपेक्षा कमी राहील, असं मला तरी वाटत नाही.