भरली घागर आणि हलता फोन

आमच्या घरात कोणतीही वस्तू येण्यापूर्वी तिच्यावर चौकशी-समिती बसते. मिक्सरच्या वेळी ती तीन महिने बसली होती. गेल्या वर्षी भाद्रपदात समितीपुढे जो अर्ज आला, त्यातली वस्तू मात्र कोणालाच धड उच्चारता येईना. अर्जदार आमचे चिरंजीव आणि वस्तू गिंबल.

"म्हणजे काय रे?" सौभाग्यवतींनी विचारले.

"फोन धरायचा दांडा. चालता चालता व्हिडिओ घेतला तरी हलत नाही."

"केवढ्याला?"

"साडेसात हजार."

"दांड्याला?"

अर्ज तिथेच निकालात निघायचा. पण या वेळी अर्जदाराच्या पाठीशी आमच्या मातुःश्री होत्या.

आईचे माहेर नळदुर्ग. धाराशिवहून (हे नाव सरकारी कागदावर येऊन थोडीच वर्षे झाली, माझ्या तोंडी अजून उस्मानाबादच येते) तुळजापूरमार्गे फार तर दीड तासाची वाट. तिथल्या किल्ल्यात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातले, १६१३ च्या सुमाराचे हे काम. पावसाळ्यात नदी भरली की धरणावरून दोन धबधबे कोसळतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. आईचे बालपण त्या आवाजात गेले. आता गुडघे पायऱ्यांना तयार नाहीत. म्हणून मी गेलो, चालत चालत सगळा किल्ला फोनमध्ये भरून आणला आणि रात्री तिच्यापुढे ठेवला.

तट नाचत होते, बुरूज उड्या मारीत होते. चिरंजीव म्हणाले, "आजी, बाबांनी भूकंपात शूटिंग केलंय."

कोणी हसले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर आमच्याकडे त्या शब्दाची थट्टा होत नाही. आईची मावसबहीण सास्तूरला होती. आईने फोन उलटा ठेवला आणि ती उठून गेली. पोराला ते वर्ष कुठले ठाऊक? पण बिचारा इतका ओशाळला, की दुसऱ्या दिवशी ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून त्याने गिंबल मागून आणला.

आता थोडे शास्त्र. फोनमध्येच चित्र स्थिर करण्याची सोय असते, हे मला तेव्हा कळले. फोनच्या पोटातला जायरोस्कोप हात किती वळला ते सांगत असतो आणि त्या हिशेबाने फोन प्रत्येक चित्र उलट बाजूला सरकवतो. सरकवायला जागा हवी म्हणून कडा कातरतो. शिंप्याने शिवणीपुरते कापड राखावे तसे. मी हौसेने सर्वांत भारी दर्जाचे बटण दाबले होते, आणि त्या दर्जात माझ्या फोनची ही सोय बंद पडते! खर्च शून्य, चूक माझी. गिंबलाचे तंत्र वेगळे. त्यात तीन छोट्या मोटारी असतात; हात वर-खाली झुकला, कलला किंवा आडवा वळला, की त्या फोनला उलट फिरवून जागच्या जागी ठेवतात. कातरकाम नाही.

पुन्हा नळदुर्ग गाठले. एकदा फोनची सोय चालू करून, एकदा गिंबलावर लावून, एकाच वाटेने दोनदा चाललो. रात्री निकालाला आई बसली.

पहिला व्हिडिओ चांगला स्थिर होता. आई म्हणाली, "हा नर. मादी कुठाय?" कातरीत गेली होती! बटण दाबताच चित्र जवळ सरकते, आणि मी आधीच्या चौकटीच्या भरवशावर उभा. दुसऱ्यात दोन्ही धबधबे होते, पण पावलागणिक सगळा किल्ला वर-खाली होत होता. "कोण चालतंय हे?" आई म्हणाली. "डोक्यावर घागर असती, तर घरी येईस्तोवर रिकामी झाली असती."

तिने बरोबर जागी बोट ठेवले. गिंबल कलणे-वळणे थांबवतो. पावलाचा धक्का थांबवायला त्याच्याजवळ स्प्रिंग नसते. अमेरिकेत गॅरेट ब्राउनने जे स्टेडिकॅम काढले, आणि १९७६ च्या 'रॉकी'त पायऱ्या धावत चढणाऱ्या नायकामागे जे धावले, त्यात स्प्रिंगचा हात होता. आमच्याकडे तो हात नाही, गुडघे आहेत. आईने मला आणि नातवाला पडवीत उभे केले. "गुडघे जरा वाकते ठेवा. टाच आधी टेकवा. आणि घाई कशाची?" डोक्यावर तांब्या ठेवून आम्ही बापलेक अर्धा तास फेऱ्या मारीत होतो. शेजारच्या काकूंनी दोनदा डोकावून पाहिले.

गिंबल खरा जिंकला तो कोजागिरीला. त्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर लोक पायी जातात. अंधारात फोनला प्रत्येक चित्रासाठी जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो. तेवढ्यात हात हलला की ते चित्रच फरफटते. ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखे झालेले ते अक्षर मग कितीही सरळ रेषेत ठेवा, वाचता येत नाही. फोनच्या सोयीने घेतलेल्या चित्रात रस्त्यावरचे दिवे धडधडत होते. गिंबलावर ते शांत होते. चालणाऱ्यांचे पाय मात्र पुसटच, कारण दुसऱ्याचे पाय स्थिर करणारे यंत्र अजून निघालेले नाही.

समितीने निकाल दिला. चिरंजीवांना फोटोग्राफरच्या हाताखाली लग्नाची कामे करायची असतील, तर रात्रीच्या वरातींसाठी गिंबल घ्यावा, आणि पैसे पहिल्या दोन लग्नांतून फेडावेत. घरच्यासाठी फोनची सोय पुष्कळ आहे. बटण दाबल्यावर चौकट पुन्हा पाहावी आणि दोन पावले मागे सरून उभे राहावे. सौभाग्यवतींनी टिपणात आणखी एक ओळ घातली, की जिथे उभेच राहायचे आहे तिथे या दोन्हींवाचूनही भागते.

म्हणून तिसऱ्या खेपेस मी भिंतीवर दोन्ही कोपरे टेकले आणि श्वास रोखून पुरते एक मिनिट नर आणि मादी घेतले. आईने ते चष्मा पुसून पाहिले. मग पुन्हा लावायला सांगितले.

"आवाज वाढव," ती म्हणाली.