आन्द्रिचचा सातबारा

सर्बियन लेखकांची नावं घ्या म्हटलं की पहिलं नाव येतं इवो आन्द्रिचचं. युगोस्लाव्हियाला मिळालेलं साहित्याचं एकुलतं एक नोबेल त्याचं, १९६१ सालचं. पण हा माणूस जन्मला १८९२ साली बोस्नियात, क्रोएट कॅथलिक घरात. वाढला विशेग्रादला, स्थिरावला बेलग्रेडला. झालं! देश फुटला, भावाभावांत वाटण्या सुरू झाल्या आणि आन्द्रिचच्या सातबाऱ्यावर नाव लावायला तिघंही पुढे.

मेशा सेलिमोविचचं त्यामानाने सोपं. तो बोस्नियातल्या मुस्लिम घरातला, पण आपण सर्बियन साहित्याचे असं त्याने १९७६ साली स्वतःच लिहून दिलं. (तरी बोस्नियाने दावा सोडलेला नाहीच!) दानिलो किशला तर असल्या शिक्क्यांचा मनस्वी तिटकारा. वडील हंगेरियन ज्यू, आई माँटेनेग्रोची... कुठल्या रकान्यात बसवणार त्याला?

आन्द्रिचचं प्रकरण मात्र रक्ताळलेलं आहे. 'द्रिना नदीवरचा पूल' ही त्याची कादंबरी बोस्नियातल्या बऱ्याच मुस्लिमांना आपल्यावरचं आरोपपत्र वाटते. तक्रार अगदीच पोकळ नाही. १९२४ सालच्या त्याच्या प्रबंधात तुर्की राजवटीबद्दल फारच एकांगी लिहिलंय. विशेग्रादमधलं त्याचं स्मारक १९९१ साली फोडलं गेलं. पुढच्याच वर्षी सर्ब टोळ्यांनी त्याच पुलावर गावातल्या मुस्लिमांना मारून द्रिनेत फेकलं. आणि २०१४ साली त्याच गावात, पुलापासून हाकेच्या अंतरावर, सिनेदिग्दर्शक कुस्तुरिकाने उभारलेलं 'आन्द्रिचग्राद' खुलं झालं. दगडी रस्ते, लेखकाचा पुतळा, पर्यटक. मला नाही पचत हे. लेखकाचा गौरव म्हणे! जिथे माणसं मारली तिथे एका बाजूच्या मालकीची पाटी ठोकणं आहे ते.

पण म्हणून पुस्तकालाच आरोपी करायचं, हेही मला पटत नाही. ते लिहिलं गेलं जर्मनांच्या ताब्यातल्या बेलग्रेडमध्ये. युद्ध संपेपर्यंत काही छापणार नाही म्हणून आन्द्रिच अडून बसला आणि १९४५ साली एकदम तीन कादंबऱ्या आल्या. त्यातला पूल बांधवणारा मेहमेद पाशा सोकोलोविच मुळात त्याच भागातला सर्ब मुलगा, लहानपणी तुर्कांनी उचलून नेलेला. म्हणजे सातबाऱ्याचा घोळ १५७७ साली पुरा झालेल्या त्या पुलापासूनच! सुळावर चढवण्याचा तो भयंकर प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. पण पुलाच्या मधोमध दगडी बाकावर सगळ्या धर्मांची माणसं पिढ्यान् पिढ्या कॉफी पीत, गप्पा ठोकत बसतात, ती पानं कितीतरी जास्त आहेत. ती कुणी दाव्यात पुरावा म्हणून लावत नाही.

असो. सर्बियन म्हणा त्याला, माझी हरकत नाही. तो बेलग्रेडलाच राहिला, तिथेच १९७५ साली गेला. नोबेलचे पैसे मात्र त्याने बोस्नियातल्या ग्रंथालयांना देऊन टाकले होते, पुस्तकं घ्यायला.