आयाबाईंचा पगार आणि आईची नोकरी

छत्रपती संभाजीनगरात कारखान्यांची सकाळची पहिली पाळी भरते, तेव्हा शहरातील बालवाड्यांची दारे उघडलेलीही नसतात. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती, घाटी रुग्णालय, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विद्यापीठ, बँका आणि विभागीय कार्यालये यांनी या शहरातील स्त्रियांना नोकरीच्या अनेक वाटा खुल्या करून दिल्या. मात्र आईची प्रसूती रजा संपत आली की घराघरांत एकच हिशेब मांडला जातो. बाळ सांभाळायला बाई ठेवायची तर तिला द्यायचे किती, आणि ते दिल्यावर आईच्या पगारातून उरायचे किती? पुष्कळ घरांत या वजाबाकीचे उत्तर पाहूनच नोकरी सोडण्याचा निर्णय होतो.

हा निर्णय वरकरणी त्या कुटुंबाचा खासगी प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात तो शहराच्या अर्थकारणाचा प्रश्न आहे. एका पगारदाराने दुसऱ्या प्रौढ व्यक्तीला तिच्या पूर्ण दिवसाच्या श्रमाचा न्याय्य मोबदला द्यायचा, हे गणित एकट्या कुटुंबाच्या खिशातून सुटणारे नाही. ते सुटल्यासारखे दिसते, तेव्हा बहुधा कोणीतरी कमी पैशांत किंवा फुकट राबत असते.

आजीच्या आधाराची मर्यादा

आजवर हा भार वाहिला तो आजीने. सिडकोच्या वसाहती उभ्या राहू लागल्या त्या काळात गावाकडून आलेल्या कुटुंबांत सासू, नणंद किंवा जाऊ घरी असे. मूल कोणाकडे सोपवायचे, हा प्रश्न फारसा पडत नसे. आता गारखेडा, सातारा परिसर किंवा बीड बायपासवरील दोन खोल्यांच्या सदनिकेत राहणाऱ्या जोडप्याचे आईवडील अनेकदा जालना, परभणी किंवा बीड जिल्ह्यातील गावी शेती सांभाळत असतात. ते शहरात आले तरी गुडघेदुखी, मधुमेह आणि रक्तदाब यांसह येतात. सत्तरीतील स्त्रीवर रांगत्या मुलाची दहा तासांची जबाबदारी टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे, याची जाणीवही आताशा होऊ लागली आहे.

दुसरा मार्ग होता गावाकडून एखादी अल्पवयीन मुलगी आणण्याचा. तिला जेवणखाण, सणाला कपडे आणि तिच्या आईवडिलांना थोडी रक्कम दिली की मध्यमवर्गीय घराचे भागत असे. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यावर १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती अधिक व्यापक झाली. ही बंदी योग्यच होती. परंतु ‘पूर्वी बाई स्वस्त मिळायची’ या तक्रारीमागे काय दडलेले होते, हेही त्या निमित्ताने ओळखायला हवे. त्या स्वस्ताईची किंमत कोणाची तरी शाळा बुडवून चुकती होत होती.

न्याय्य दराचा हिशेब

मग आज बाळ सांभाळणाऱ्या बाईला किती द्यावे? शहरातील दर वस्तीनुसार, तासांनुसार आणि ओळखीनुसार बदलतात. त्यामुळे बाजारभावाऐवजी एखादा सरकारी मापदंड घेतलेला बरा. केंद्र सरकारने २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरविला होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये होतात. आईची नोकरी आठ-नऊ तासांची असली, तरी जाण्यायेण्याचा वेळ धरून आयाबाईंचा दिवस अकरा तासांचा होतो. म्हणजे रोजचे ४२९ रुपये आणि महिन्याच्या २६ दिवसांचे ११ हजार १५४ रुपये. हा दर माती खोदण्याच्या अकुशल कामाचा आहे. तान्हे मूल सांभाळण्याचे कौशल्य, जोखीम आणि विश्वास यांचे मोल त्यात धरलेलेच नाही.

आता उदाहरणादाखल एक घर घेऊ. पत्नीला २२ हजार आणि पतीला २८ हजार रुपये पगार आहे. आयाबाईंचे ११ हजार १५४ रुपये पत्नीच्या पगारातून वजा केले, तर १० हजार ८४६ रुपये उरतात. त्यातून प्रवास आणि बाहेरचे खाणे वगळले की ‘एवढ्यासाठी कशाला धावपळ?’ हा प्रश्न घरातील कोणीतरी विचारतेच. मात्र तीच रक्कम दोघांच्या मिळून ५० हजारांतून वजा केली, तर ती उत्पन्नाच्या सुमारे २२ टक्के होते. खर्च तोच, पण तो एकट्या आईच्या पगारावर टाकला की तिची नोकरी तोट्याची ठरते. मूल दोघांचे असताना आयाबाईंचा पगार फक्त आईच्या पगारातून का वजा व्हावा, हा प्रश्न या शहरातील फार थोड्या घरांत विचारला जात असेल.

शिवाय हा हिशेब महिन्याचा आहे. मूल शाळेत जाईपर्यंतची तीन-चार वर्षे संपतात, पण सुटलेली नोकरी त्याच पदावर आणि त्याच पगारावर परत मिळेलच असे नाही. वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी, ज्येष्ठता आणि बढती यांवरही पाणी सोडावे लागते. अपत्यजन्मानंतर स्त्रियांच्या कमाईवर होणाऱ्या दीर्घकालीन परिणामांचा ऊहापोह करणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या विषयाचे महत्त्व ओळखूनच. आपल्याकडील आकडेही बोलके आहेत. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील शहरी स्त्रियांपैकी केवळ २८ टक्के स्त्रिया श्रमबाजारात होत्या. ग्रामीण भागात हे प्रमाण ४७.६ टक्के होते. शेतावर मूल सोबत नेता येते, कारखान्यात आणि कचेरीत नेता येत नाही, हे या तफावतीमागचे एकमेव कारण नसले तरी एक कारण निश्चितच आहे. घरातील कामाची वाटणीही फारशी बदललेली नाही. २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली खरी, पण ती पुरुषांनी उचलली असे दिसत नाही.

आयाबाईंचे मूल कोठे?

या चर्चेत दुसऱ्या घराचा विचार सहसा होत नाही. मुकुंदवाडी, मिसारवाडी किंवा रांजणगावातून सकाळी निघून दुसऱ्याचे मूल सांभाळायला येणाऱ्या स्त्रीलाही मूल असते. ते शेजारणीकडे राहते किंवा थोरल्या मुलीच्या कडेवर वाढते. ती थोरली मग शाळेला दांडी मारते. म्हणजे एका आईची नोकरी टिकविण्यासाठी दुसऱ्या आईच्या मुलीचे शिक्षण पणाला लागते. आयाबाईंना पाळणाघर परवडावे इतका पगार द्यायचा, तर तो वर काढलेल्या आकड्याहूनही अधिक असावा लागेल.

घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यातून नोंदणीची आणि काही आर्थिक साहाय्याची सोय झाली. वेतन, कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि आजारपणाची रजा हे विषय मात्र मालकीण आणि बाई यांच्या तोंडी बोलीवरच राहिले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या घरकामगारविषयक कराराच्या बाजूने भारताने मतदान केले, पण त्यास अद्याप अनुसमर्थन दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घरकामगारांसाठी स्वतंत्र कायदेशीर चौकटीचा विचार करण्यास समिती नेमावी, असे निर्देश केंद्राला दिले, ते याच उणिवेवर बोट ठेवून.

पन्नासावर अडलेला कायदा

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. प्रसूती लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली. दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही आईला मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या तरतुदी कायम आहेत. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकाळात १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ज्या घरात सरकारी नोकरी आहे, तेथे त्यामुळे थोडा दिलासा मिळाला.

परंतु औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनविणारे लहान कारखाने, दुकाने, दवाखाने, खासगी शिकवण्या आणि वकिलांची कार्यालये येथे कर्मचाऱ्यांची संख्या पन्नासाच्या आतच राहते. तेथील स्त्रीला या सक्तीचा उपयोग नाही. मोठ्या उद्योगाने पाळणाघर काढले तरी त्याचा सर्व खर्च मालकावर पडतो, आणि मग स्त्रीला नोकरी देतानाच हात आखडता घेतला जाण्याची भीती असते. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघराची जोड देण्याची कल्पना आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांची दिवसाला साडेसात तास सोय त्यात अपेक्षित आहे. कल्पना चांगली आहे, पण बाराबारा तास घराबाहेर राहणाऱ्या कामगार आईला साडेसात तास अपुरे पडतात.

खासगी पाळणाघरांचा पर्याय स्वस्त असला तरी तेथे विश्वासाचा प्रश्न येतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेल्या मारहाणीचे सीसीटीव्ही चित्रण राज्यभर पाहिले गेले. त्यानंतर कित्येक पालकांनी कॅमेरे बसविले. परंतु थकलेल्या, कमी पगाराच्या आणि एकटीने अनेक मुले सांभाळणाऱ्या बाईचा ताण कॅमेऱ्याने कमी होत नाही. तिच्या हाताखाली मुले किती असावीत, तिला प्रशिक्षण कोणते असावे आणि तपासणी कोणी करावी, हे ठरविण्याचे काम कॅमेरा करू शकत नाही.

रोजगार हमीचा धडा

याबाबत मराठवाड्याला दूरचा आदर्श शोधण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रिया रस्ते आणि पाझर तलावांच्या कामांवर उतरल्या. वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये महाराष्ट्राने कायद्याचे रूप दिले. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक महत्त्वाची तरतूद झाली. कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यापैकीच एका स्त्रीने ती मुले सांभाळावीत आणि तिलाही इतरांएवढीच मजुरी मिळावी, असे त्यात नमूद होते. अनेक ठिकाणी ही तरतूद कागदावरच राहिली आणि संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी नवा कायदाही मंजूर केला. तरीही त्यातील तत्त्व जुने झालेले नाही. मूल सांभाळणे हे खोदकामाइतकेच काम आहे आणि त्याची मजुरी कामाच्याच खर्चातून द्यायची आहे, हे त्या तरतुदीने मान्य केले होते.

हेच तत्त्व औद्योगिक वसाहतीला लावले तर आकडे बदलतात. वरच्याच दराने दोन स्त्रियांना नेमले तर महिन्याचा खर्च २२ हजार ३०८ रुपये होतो. त्यांच्याकडे दहा मुले असतील, तर मुलामागे पगाराचा वाटा २ हजार २३१ रुपयांच्या आसपास येतो. जागा, वीज, दूध आणि खाऊ यांचा खर्च वेगळा. तो पालक, कारखानदार आणि शासन यांनी वाटून घेतला, तर १२ हजार रुपये कमावणाऱ्या कंत्राटी कामगार स्त्रीलाही नोकरी टिकविता येईल. एका मुलामागे एक आया हा पर्याय तिच्या आवाक्यात कधीच नव्हता. अनेक आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर काढण्यास किंवा महापालिकेच्या, संस्थेच्या पाळणाघराचा उपयोग करून घेण्यास सामाजिक सुरक्षा संहितेनेही वाट मोकळी ठेवली आहे. पन्नासाच्या आतील लहान कारखान्यांना कायद्याची सक्ती नसली, तरी एकत्र येण्यास कोणाची आडकाठीही नाही. औद्योगिक वसाहतीत भूखंड आखताना अग्निशमन केंद्र, बँक आणि उपाहारगृह यांना जागा राखली जाते. पाळणाघरालाही तशी जागा राखता येईल. त्यात आयाबाईंच्या मुलांनाही प्रवेश असावा, हे मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्यावे लागेल.

तोपर्यंत प्रत्येक घराला आपापला हिशेब मांडावाच लागणार आहे. तो मांडताना आयाबाईंचा पगार दोघांच्या उत्पन्नातून वजा करावा आणि तिला आठवड्याची सुटी व आजारपणाचा पगार द्यावा, एवढे तरी कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येईल. एसटीच्या बसस्थानकांवर मातांसाठी ‘हिरकणी कक्ष’ उघडले गेले, तेव्हा त्याचे सर्वत्र कौतुक झाले. बाळाला पाजण्यासाठी आईला पंधरा मिनिटांची जागा हवी, हे समाजाने मान्य केले आहे. उरलेल्या अकरा तासांची जागा आणि तिचा खर्च कोणी उचलायचा, हे या शहराच्या उद्योगांनी आणि महापालिकेने आता ठरवायचे आहे.