संकेतस्थळावरील उसनी चित्रे

परप्रांतांतील आपल्या पुष्कळ मराठी मंडळांनी आता स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत. परंतु एका गावचे मंडळ कोणते आणि दुसऱ्या गावचे कोणते, हे पाहणाऱ्यास बहुधा केवळ नावावरूनच ओळखावे लागते. वर अश्वारूढ शिवछत्रपती, खाली नऊवारीतील एक हसतमुख तरुणी, शेजारी ढोलताशांचे पथक आणि उकडीचे मोदक, एवढा ऐवज जमला की कार्यकारिणीला कर्तव्यपूर्तीचे समाधान लाभते. यांपैकी एकही चित्र त्या मंडळाचे नसते. ती तरुणी मंडळाची पायरी कधी चढलेली नसते, पथक पुण्याच्या रस्त्यावरचे असते, आणि ते मोदक कोणी खाल्ले हे विक्रीसाठी त्यांचे छायाचित्र काढणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, चित्रे शोभेसाठी असतात, त्यांत इतके काय पाहायचे? आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. मांडवाच्या कमानीकडून कोणी माहितीची अपेक्षा करीत नाही, हे मान्य. परंतु संस्थेने आपल्या स्थळावर लावलेले चित्र, खाली एक अक्षरही नसले तरी, ‘हे आम्ही’ असेच सांगत असते. विकत आणलेला चेहरा लावून ‘हे आम्ही’ म्हणणे याला शोभा म्हणावे काय?

हे स्थळ पाहतो कोण, याचाही विचार व्हावा. बदलीचा हुकूम हाती पडल्यावरची पहिली रात्र या अंकाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. क्वार्टर कधी मिळेल, मुलांच्या शाळेचे काय, सोबत येणाऱ्या वृद्ध आईला बोलायला कोणी भेटेल काय, या विवंचनेत मनुष्य मंडळाचे स्थळ उघडतो. त्याला शिवछत्रपती कसे दिसत हे पाहावयाचे नसते. ते त्याच्या घरातल्या भिंतीवर आहेतच. त्याला पाहावयाचे असते मंडळाचे फाटक, सभागृहाकडे जाणारा जिना, अतिथिगृहातील खोली, वाचनालयातले बाकडे आणि त्यावर बसलेली माणसे. फाटकाचे एक साधे छायाचित्र, खाली रस्त्याचे नाव व ते काढल्याचे वर्ष, एवढ्याने त्याचे जे काम होईल ते दहा मोदकांनी होणार नाही.

स्थानिक इतिहासाची चित्रे हवी असतील तर तीही उसनी आणण्याचे कारण नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले घराण्याचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. काशीच्या विश्वेश्वराचे देऊळ अहल्याबाईंनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. कलकत्त्यास तर १७४२ मध्ये मराठ्यांच्या भयाने खंदक खणला गेला, आणि पुढे तो बुजवून त्या मार्गावर सर्क्युलर रोड झाला. तेथील मराठी माणसाने त्या रस्त्याचे छायाचित्र जरा मिस्कीलपणे लावावयास काय हरकत आहे? (बंगाल्यांना बर्गी अद्याप आठवतात, तेव्हा चित्राखालचा मजकूर मात्र जपून लिहावा.)

आता यंत्राकडून चित्रे काढवून घेण्याची नवी सोय झाली आहे. त्यांतली नथ डाव्या नाकपुडीतून उजवीकडे गेलेली असते, आणि दुकानाच्या पाटीवरील अक्षरे देवनागरीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. मराठीच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या संस्थेच्या दारात न वाचता येणारी मराठी असावी, यावर अधिक लिहिणे नको.

निमंत्रणपत्रिकांचे प्रकरण याहून गंभीर आहे. तारीख, वेळ, स्थळ सारे एका रंगीत चित्रात कोंबून ते चित्र चिकटविले जाते. ते शोधात सापडत नाही, फोनच्या छोट्या पडद्यावर वाचता येत नाही, आणि पडदावाचक यंत्राच्या साहाय्याने वाचणाऱ्या अंध सभासदाला तर तेथे काही आहे हेच कळत नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वे आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली. चित्राला शब्दांत पर्यायी वर्णन द्यावे, हे त्यांत स्पष्ट आहे. दिवसभर कचेरीत हे नियम पाळणारे आमचे बांधव संध्याकाळी मंडळात आले की ते विसरतात, याचे नवल वाटते. चारपाच एमबीचे छायाचित्र जसेच्या तसे चढविणे हाही त्यातलाच प्रकार. ते काहीशे केबीपर्यंत लहान केले तरी पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही, उलट दूरच्या ठाण्यावर ते उघडते तरी.

सभासदांनी काढलेली छायाचित्रे सुबक नसतात, असे म्हणतात. नसोत. काढणाऱ्याची परवानगी घ्यावी, कारण १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने हक्क त्याचा आहे. चेहरे दिसत असतील त्यांना विचारावे, मुलांच्या बाबतीत आईबापांना अवश्य विचारावे. आणि नाटकाच्या तालमीचे ते किंचित हललेले छायाचित्र खुशाल लावावे.

राहिली ती मंडळांच्या कपाटांतील जुनी छायाचित्रे. गणेशोत्सवाची, नाट्यप्रयोगांची, निरोपसमारंभांची ही चित्रे पुठ्ठ्यावरून सुटू लागली आहेत, आणि त्यांच्या पाठीवर नावे क्वचितच आहेत. संकेतस्थळावर प्रथम ती यावयास हवीत, आणि तीही या वर्षीच. मागल्या रांगेतला तिसरा गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी मंडळी आता नव्वदीच्या घरात आहेत.