‘निसर्ग जुळवून घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी

हवामानबदलाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, “पृथ्वीने याहून मोठे उत्पात पाहिलेत. निसर्ग जुळवून घेतो.” वाक्य पोक्त आहे, आणि ते बोलून झालं की कुणाला काही करावं लागत नाही. मला हे वाक्य खोटं वाटतं. साक्षीला मी एक वनस्पती बोलावते.

तिचं नाव टकाकिया. आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो, त्यातल्या मॉस गटातली ही एक इवलीशी वनस्पती. १८६१ साली सिक्कीम-हिमालयातल्या नमुन्यावरून विल्यम मिटन यांनी तिच्या एका जातीचं पहिलं वर्णन केलं, तेव्हा ती लिव्हरवर्टमध्ये टाकली गेली. ती मॉसच आहे याची खात्री पटायला १९९० चं दशक उजाडलं. तिचा वंश सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वी वेगळा झाला, असं जनुकं सांगतात. म्हणजे डायनासोरच्याही कितीतरी आधी.

२०२३ साली ‘सेल’ या नियतकालिकात चिनी आणि जर्मन शास्त्रज्ञांनी तिबेटमधल्या टकाकियाचा अभ्यास मांडला. समुद्रसपाटीपासून ४,००० मीटरच्या वर, वर्षातले सुमारे आठ महिने बर्फाखाली आणि उरलेले जहाल अतिनील किरणांत ती जगते. हिमालय उंचावत गेला तसतशी तिची जनुकं बदलत गेली. झपाट्याने उत्क्रांत होणारी इतकी जनुकं तोवर दुसऱ्या कुठल्याही मॉसमध्ये आढळली नव्हती. जुळवून घेण्याची परीक्षा असती, तर पहिला नंबर हिचाच.

आणि तीच हरते आहे. दहा वर्षांहून अधिक काळ केलेल्या मोजणीत तिने व्यापलेली जागा दरवर्षी सुमारे १.६ टक्क्यांनी घटताना दिसली, शेजारच्या इतर मॉसपेक्षा वेगाने.

कारण गूढ नाही. हिमालय उंचावायला कोट्यवधी वर्षं लागली, टकाकियाला तेवढी सवड मिळाली. आपण तिला काही दशकं देतो आहोत. जनुकं पिढ्यांच्या हिशेबाने बदलतात, आपल्या धुराड्यांच्या हिशेबाने नाही. खालच्या वनस्पती ऊब वाढली की डोंगर चढू शकतात. जी आधीच माथ्याजवळ आहे, तिने कुठे चढायचं?

यावर कुणी म्हणेल, दुसरीकडे लावा. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेली काही रोपं तिबेटमध्ये लावली, त्यातली काही तगलीसुद्धा. मला त्याचा आनंदच आहे. पण त्याला बागकाम म्हणतात. निसर्ग स्वतः जुळवून घेत असता, तर माणसाला रोपं घेऊन डोंगर चढावा लागला नसता.

“एक मॉस गेलं तर काय बिघडलं?” या प्रश्नाला मी औषधी उपयोगांची यादी देणार नाही. उपयोग सिद्ध केल्यावरच जगायचा परवाना मिळणार असेल, तर आपल्यातले कितीजण पात्र ठरतील?

निसर्ग उरेल, याबद्दल वाद नाही. कुठेही रुजणारं, कशातही भागवणारं ते उरेल. एका जागेशी कोट्यवधी वर्षं एकनिष्ठ राहिलेलं जाईल. ‘निसर्ग जुळवून घेतो’ याचा खरा अर्थ एवढाच आहे. तेव्हा पुढच्या वेळी ते वाक्य उच्चाराल, तर पूर्ण उच्चारा: काही जण जुळवून घेतील, बाकीच्यांना आम्ही मारतो आहोत.